हक्क आधी, कागद मागाहून



या व्याख्यानमालेच्या चालकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'इंग्लंडातील रूढिजन्य कायदा' असा छापला आहे, आणि मी त्याला धरूनच बोलणार आहे; तथापि ज्या एका गोष्टीसाठी मी हा विषय पत्करला ती आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाटेत मी कोठे रेंगाळलो तरी मला कोणत्या मुक्कामाला पोहोचायचे आहे हे तुम्हांस ठाऊक असेल. माझी अशी पक्की खात्री झालेली आहे की हक्क हा माणसांच्या वापरातून जन्मास येतो, कागद हा फार तर त्या हक्काचा एक साक्षीदार असतो, आणि जेव्हा एखादे राज्य 'आधी कागद दाखवा, मग हक्काचे बोलू' असे म्हणू लागते, तेव्हा ज्यांना कागद करून घेण्याची ऐपत होती त्यांच्या पदरात ते इतरांचा हक्क घालीत असते. ही खात्री मला पुस्तकांतून आली त्यापेक्षा अधिक मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात आली. पण पुरावा मात्र मी पुस्तकांतलाच देणार आहे, कारण येथे पुढच्या दोन रांगांत वकीलमंडळी दाटीने बसलेली दिसतात आणि ऐकीव पुराव्याला ती तत्काळ हरकत घेतील. (हशा)

त्याच मंडळींच्या भरवशावर इंग्लंडच्या 'कॉमन लॉ'ची घडण, राजाची न्यायालये आणि गावोगावच्या जमीनदारांच्या कचेऱ्या यांचा संबंध, हे सारे मी सोडून देतो. ते तुम्ही जाणताच. अलिखित रूढी न्यायालयात टिकायची तर ती अनादि, अखंड, निश्चित आणि विवेकाला धरून असावी लागते, हेही तुम्हांस विदित आहे. यांतील 'अनादि' म्हणजे केव्हापासून, एवढेच मात्र सांगितले पाहिजे. १२७५ साली वेस्टमिन्स्टर येथे झालेल्या कायद्याने जमिनीच्या दाव्यांना मुदत घालताना पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाचे साल, म्हणजे ११८९, ही मर्यादा धरली. तीच पुढे रूढीलाही लागली, आणि मुदतीचे इतर कायदे पुष्कळदा बदलले तरी ही मर्यादा जागची हलली नाही. आता ११८९ साली डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोणी कोठून आणावा? तेव्हा न्यायाधीशांनी अशी वाट काढली की हयात वृद्धांनी आपल्या आठवणीपर्यंत अमुक चाल चालत आल्याचे शपथेवर सांगितले, तर ती त्याही पूर्वीपासून होती असे अनुमान करावे, आणि ती ११८९ नंतर केव्हातरी सुरू झाली हे दाखवण्याचा भार प्रतिपक्षावर टाकावा. या एका युक्तीने लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची जबानी राजाच्या सनदेच्या पंक्तीला येऊन बसली.

याचे फळ पाहायचे असेल तर केंट परगण्यातील वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी जावे. तेथील कोळी पिढ्यानुपिढ्या किनाऱ्यावरच्या एका खाजगी जमिनीवर आपली जाळी वाळत घालीत. मालकाने ती जमीन बांधकामासाठी काढली तेव्हा कोळी न्यायालयात गेले. मालकाच्या वकिलाने दोन तर्क मोठे कुशलतेने मांडले. एक असा की, यातली बरीच जमीन समुद्र मागे हटल्यामुळे अलीकडे वर आलेली आहे, आणि जी जमीनच मुळी अनादि नाही तिच्यावर अनादि रूढी कशी असेल? दुसरा असा की, जाळी राखण्याची आणि वाळवण्याची रीत आता पूर्वीची राहिलेली नाही. १९०५ साली अपील न्यायालयाने दोन्ही तर्क नाकारले. किनारा सरकला तर रूढीही त्याच्याबरोबर सरकते, आणि धंद्याची रीत सुधारली म्हणून धंदेवाल्याचा हक्क बुडत नाही, असा त्या फैसल्याचा आशय आहे. आपल्या मुंबईच्या कोळीवाड्यांतून मासळीची वाळवणे आणि जाळ्यांच्या जागा यांचे जे तंटे चालतात, त्यांत हा फैसला कोणी पुढे ठेवील काय, असे मला नेहमी वाटत आले आहे.

वॉल्मरचे कोळी जिंकले. परंतु मला आज अधिक सांगायचे आहे ते हरलेल्या एका बाईविषयी. तिला मी पाच मिनिटे देणार होतो, पण पाच मिनिटांत तिला न्याय मिळेल असे दिसत नाही.

सफोक परगण्यात टिमवर्थ नावाचे लहानसे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या मुलखात, किंबहुना इंग्लंडच्या बहुतेक धान्य पिकवणाऱ्या मुलखात, कापणी होऊन पेंढ्या उचलल्या की गावातल्या गरीब बायका आणि मुले शेतात उतरत आणि मागे राहिलेली कणसे वेचून नेत. आपल्याकडे त्याला सरवा वेचणे म्हणतात. ज्यांनी लहानपणी ज्वारीची कापणी पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र लगेच उभे राहील. वेचलेले हे धान्य थोडेथोडके नसे. पुष्कळ घरांत हिवाळ्याच्या भाकरीचा मोठा आधार तेवढाच असे. आणि ही वेचणी म्हणजे लूटमार नव्हे, हे तिच्या नियमांवरून दिसते. शेतकऱ्याने शेतात एक पेंढ्यांचा ढीग मुद्दाम उभा ठेवला असेल तोवर कोणी आत पाऊल टाकायचे नाही. तो हलला की शेत मोकळे. पुष्कळ गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्याशिवाय वेचणी सुरू होत नसे आणि सायंकाळी ती वाजली की थांबे. कारण असे की एखाद्या धडधाकट, एकट्या बाईने पहाटे अंधारातच जाऊन शेत वेचून टाकले तर जिच्या काखेला पोर आहे तिने काय करावे? काही गावांत तर वेचणाऱ्या बायका आपल्यातलीच एक प्रमुख निवडीत, तिला त्या राणी म्हणत, आणि तिचा शब्द शेतात शेवटचा असे. विचार करा, श्रोतेहो! यांतील एकही नियम कोणत्या कायदेमंडळाने केलेला नव्हता, कोणत्याही दफ्तरात त्याची नोंद नव्हती, आणि तरीही दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाची सोय त्यांत इतक्या बारकाईने पाहिलेली आहे की आजच्या एखाद्या शासननिर्णयाला ती साधणार नाही. (टाळ्या)

अशा त्या टिमवर्थमध्ये मेरी हॉटन नावाच्या बाईने जेम्स स्टील नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचला, आणि स्टीलने तिच्यावर अतिक्रमणाचा दावा लावला. दाणे किती होते हा प्रश्नच नव्हता; गरिबाला सरव्याचा हक्क आहे की नाही, हे एकदा कायमचे ठरवून घ्यायचे होते. १७८८ साली कॉमन प्लीजच्या न्यायालयापुढे हा वाद आला. चार न्यायाधीश बसले. हॉटनच्या बाजूने सर मॅथ्यू हेल आणि ब्लॅकस्टन यांच्यासारख्या थोर न्यायपंडितांचे ग्रंथ होते, ज्यांत हा हक्क मान्य केलेला आहे. बायबलाच्या जुन्या कराराची आज्ञा होती, जिच्यात शेताचे कोपरे आणि गळालेली कणसे गरिबासाठी व परक्यासाठी सोडण्यास सांगितले आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे देशभर दर हंगामाला प्रत्यक्ष चालणारी वहिवाट होती. न्यायमूर्ती गूल्ड या एकट्यांनी तिचा पक्ष उचलला. सरन्यायाधीश लॉर्ड लफबरो आणि उरलेले दोघे म्हणाले की असा हक्क मालकाच्या संपूर्ण मालकीशी विसंगत आहे, 'गरीब' कोणाला म्हणायचे हे अनिश्चित आहे, आणि धर्मग्रंथ दया करण्यास सांगतो तेवढ्यावरून दयेचा हक्क होत नाही. तीन विरुद्ध एक.

या निकालाने सरवा बंद झाला असे कोणी समजू नये. मला जे लागते ते निराळेच आहे. कालपर्यंत जी बाई घंटा वाजताच मान वर करून शेतात शिरत होती, तिला आजपासून शिरताना कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहावे लागणार होते. दाणे तेच, शेत तेच, हात तेच. परंतु हक्काचे रूपांतर भिक्षेत झाले, आणि ते करायला एक ओळही नवा कायदा करावा लागला नाही. हे जे मेरी हॉटनचे झाले ते मी माझ्या डोळ्यांनी आपल्या तालुक्यांत पाहिलेले आहे. जळणाच्या मोळीविषयी पाहिले, गायरानाविषयी पाहिले, विहिरीच्या पाळीविषयी पाहिले. म्हणून मी या बाईपाशी इतका वेळ थांबलो.

आणखी एक. त्या टिमवर्थच्या परिसरातील मोठी जमीनदारी कॉर्नवॉलिस घराण्याची, आणि त्या घराण्याचा धनी त्या वेळी कलकत्त्यास गव्हर्नर-जनरल होता. निकालानंतर पाच वर्षांनी, १७९३ साली, त्याच्याच हातून बंगालात कायमधारा लागला. त्यात जमीनदाराचे नाव कागदावर चढले आणि रयतेची पिढीजात वहिवाट कागदाबाहेर राहिली. एक गोष्ट दुसरीचे कारण आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु मालकी म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर सफोकच्या शेतात जे दिले गेले तेच बंगालच्या शेतात दिले गेले, हे मात्र मी म्हणणारच.

(येथे अध्यक्षांनी वक्त्यांकडे चिठ्ठी पाठवली.)

वीस मिनिटे उरली आहेत, असे अध्यक्षमहाराज कळवतात. म्हणजे इंग्लंडातील उरलेली प्रकरणे, जत्रेच्या मैदानांची आणि क्रिकेटच्या हिरवळीची, मला येथेच सोडली पाहिजेत. (हशा) क्रिकेटविषयी ऐकायला आलेल्या तरुणांनी क्षमा करावी; गावकऱ्यांना दुसऱ्याच्या शेतात खेळण्याचा रूढीने हक्क असू शकतो, हे इंग्लंडच्या न्यायालयाने १७९५ साली मान्य केलेले आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानावे. मी आपल्या दख्खनेत येतो.

आपल्या मुलखात शिवकालापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा पडला की गोत बसे, आसपासच्या गावांचे पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार जमत, वृद्धांच्या जबान्या होत, आणि जो निर्णय ठरे त्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर, सुताराची किंकरे, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. ज्याच्या हातात जे आयुध त्याची तीच सही. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त ही सारी व्यवस्था, तिच्या गुणदोषांसह, मांडलेली आहे. तिचे दोषही त्यांनी लपवलेले नाहीत. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की आमच्याकडे कागद नव्हता असे नाही, कागद होता. पण माणसे आधी बोलत आणि कागद त्यांचे बोलणे उतरून घेई.

१८१८ नंतर एल्फिन्स्टन साहेबाने हे ओळखले, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्याच्या आमदानीत आर्थर स्टील याने दख्खनेतील जातीजातींच्या चालीरीती विचारून विचारून एकत्र केल्या. तो ग्रंथ १८२७ साली निघाला. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात दिवाणी न्यायाधीशाने काय लावावे याचा क्रम दिला आहे: प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तर त्या मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. पाहा, ग्रंथातल्या कायद्याच्या आधी वहिवाट! पुढे १८६८ साली मद्रासकडच्या रामनादच्या दत्तक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेही हेच सांगितले, की वहिवाट स्पष्ट सिद्ध झाली तर ती ग्रंथाच्या वचनाहून भारी ठरते.

परंतु मध्यंतरी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाला, आणि घराघरांतून सनदा मागवल्या गेल्या. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या, आगीत गेल्या किंवा मुळातच तोंडी होत्या, त्यांची इनामे धोक्यात आली. इनामदारवर्गाविषयी मला विशेष कळवळा नाही, त्यांतील कित्येकांनी कुळांना कसे वागवले हे मी जाणतो; पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या भोगवट्यापेक्षा एका चिठोऱ्याला अधिक वजन देणारी जी सवय आमच्या कचेऱ्यांना त्या काळी लागली ती इनामे गेल्यावरही गेली नाही, आणि तिचा मार पुढे बसला तो ज्याच्यापाशी कधीच चिठोरे नव्हते त्या माणसाला.

(मागच्या बाजूने एका श्रोत्याने उभे राहून विचारले : "रूढीनेच आमच्या लोकांना पाणी नाकारले. तुम्ही रूढीचे गोडवे काय गाता?")

बसू नका, उभेच राहा. हा प्रश्न मला हवाच होता. अध्यक्षमहाराज, या प्रश्नासाठी मी उरलेला सगळा वेळ देईन.

आपण मला महाडला नेता, आणि मी आनंदाने येतो. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, आणि तीन वर्षे तो कागदच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे त्या तळ्यावर चालत गेली आणि त्यांनी पाणी प्यायले, तेव्हा तो हक्क जन्माला आला. माझ्या सिद्धान्ताला याहून भक्कम पुरावा मी कोठून आणणार? पण आपला प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण मंडळींनी महाडच्या न्यायालयात बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला, आणि त्यांचा आधार काय होता? कोणताही कागद नव्हे. त्यांचा आधार होता अनादि रूढी! म्हणजे मी इतका वेळ जिचे समर्थन करतो आहे तीच.

आता त्या दाव्याचे काय झाले ते ऐका. वादी खालच्या दोन्ही न्यायालयांत हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही हरले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी तीच जुनी कसोटी लावली: अस्पृश्य अलीकडच्या काळात तेथे जात नव्हते हे खरे धरले, तरी त्यावरून त्यांना मज्जाव करण्याची अनादि रूढी सिद्ध होत नाही; तळे सवर्णांच्या घरांनी वेढले जाईपर्यंत असा मज्जाव करण्याचा प्रयत्न तरी कोणी केला असेल काय, याचीच शंका आहे. एक दशक लढून जो हक्क मिळाला तो मिळाला हे खरेच, आणि त्या दशकाचा हिशेब कोणत्याही कसोटीने भरून निघत नाही हेही खरे.

पण मी न्यायमूर्तींच्या एक पाऊल पुढे जातो. समजा, तो मज्जाव खरोखरच हजार वर्षांचा निघाला असता. तर काय? तर माझ्या मते तो तरीही हक्क झाला नसता. करण्याची रूढी आणि करू न देण्याची रूढी या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. वॉल्मरचा कोळी जाळे वाळवतो, टिमवर्थची बाई सरवा वेचते. त्यांच्या हातांनी काहीतरी घडते आणि त्या घडण्यातून हक्क उगवतो. जो तळ्याच्या पायरीवर काठी घेऊन उभा राहतो त्याच्या हातून काहीच घडत नाही, दुसऱ्याच्या हातून घडायचे तेवढे थांबते. ती सत्ता आहे, आणि सत्ता कितीही जुनी झाली तरी तिचा हक्क होत नाही. (टाळ्या) १८४७ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि कच्छी मेमन मुलींना वारशातून वगळण्याची रूढी कुराणाच्या वचनाविरुद्ध मान्य केली. मी त्या जागी असतो तर तीही नाकारली असती, आणि याच कारणास्तव. तेव्हा मी सगळ्या रूढींचे गोडवे गात नाही. वापरणाऱ्याच्या बाजूने मी उभा आहे, अडवणाऱ्याच्या नाही. आपले समाधान झाले की नाही हे आपण व्याख्यानानंतर मला सांगा; मी येथेच आहे.

घड्याळ आता कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून दोन गोष्टी धावत सांगतो.

पहिली अशी की कागदाला मान न देणारा एक कायदा आपल्याच देशात झालेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गावच्या वृद्धांचे निवेदन हा पुरावा म्हणून मान्य केलेला आहे. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणाही चालतात. त्याच कायद्याने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वॉल्मरच्या कोळ्यांना जी सवलत न्यायाधीशांनी आपल्या विवेकाने दिली, ती येथे संसदेने लिहून दिली. याच नियमांखाली कित्येक गावांचे दावे 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून परत येतात हे मी जाणतो, आणि ज्यांचे असे परत आले असतील त्यांनी मला गाठावे.

दुसरी गोष्ट, आरंभापूर्वी एका गृहस्थांनी मला बाहेर गाठून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. त्यांच्या शेताला जाणारी पाणंद शेजाऱ्याने नांगरून टाकली आहे, आणि तलाठी म्हणतो की नकाशावर वाटच नाही. महाराज, नकाशावर वाट नाही याचा अर्थ वाट नव्हती असा होत नाही. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे जा, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा; मुदत गेली की दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट धरावी लागेल, आणि तेथे खाजगी जमिनीवरून वीस वर्षांची उघड, बिनतक्रार वहिवाट दाखवावी लागेल. साक्षीला जमिनीचा दलाल नेऊ नका. गावातली सर्वांत म्हातारी सून न्या, जी त्या वाटेने नांदायला आली, जिच्या सासूची तिरडी त्या वाटेने गेली, आणि जिला कोणत्या साली कोणाची बैलजोडी तेथल्या चिखलात रुतली तेही आठवते. तिची जबानी तिच्याच शब्दांत उतरून घेतली आहे ना, हे अंगठा उठवण्यापूर्वी तिला मोठ्याने वाचून दाखवायला लावा.